आठाचा फोटो

ता. १० जानेवारी, शनिवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरली असशील, तर आधी पाणी पी. सगळं ठीक आहे. कोणी आजारी नाही, माझी नोकरी गेलेली नाही आणि लग्नही ठरलेलं नाही. माझा फोन ड्रॉवरमध्ये आहे, एवढंच.

माझं काम तुला माहीत आहेच. कंपनीच्या पानावर लोक शिव्या घालतात आणि मी त्यांना लिहिते, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. दिवसातून दोनशे वेळा दिलगीर. घरी आल्यावर पुन्हा तोच फोन, फक्त शिव्या दुसऱ्या कोणीतरी तिसऱ्या कोणाला घातलेल्या. मध्यंतरी लिफ्टमध्ये एका बाईंनी माझ्या पायावर पाय दिला, तर मीच त्यांना म्हटलं, आम्ही दिलगीर आहोत. आम्ही! मी एकटी उभी होते गं. त्या बाई हसल्या, मीही हसले, आणि घरी येऊन दार लावून तासभर रडले. का ते मलाही सांगता आलं नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी फोन बंद करायचा आणि सोमवारी सकाळी उघडायचा, असा नेम लावून दिला. पहिल्या शनिवारी माझा हात दर पाच मिनिटांनी रिकाम्या खिशात जात होता. आज चौथा शनिवार. पडदा शिवला, दुपारी गाढ झोपले, आता तुला लिहितेय. अण्णांशीही पत्रांचा धागा जुळलाय. ते बुधवारी पत्र पेटीत टाकतात, शुक्रवारी संध्याकाळी मी घरी येते तेव्हा ते दारात पडलेलं असतं. तेवढ्यावर माझे दोन दिवस छान निघतात.

आता खरं गाऱ्हाणं. अण्णांचा रोजचा आठाचा फोटो आठवड्यातून दोनदा केलास तर नाही का चालणार? मागच्या महिन्यात गेले होते तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि हातात सारखा फोन. विचार कर.

रागावलीस तर रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
खारू

---

ता. १६ जानेवारी, शुक्रवार

चि. खारूस,
अ. आ.

पाणी प्यायले, मग पत्र वाचलं. सुरुवातीलाच सांगते, तुझा नेम मला पटला. इतकी वर्षं वॉर्डात काढली, विश्रांतीचं औषध लिहून देणारे डॉक्टर मी बोटांवर मोजण्याइतके पाहिलेत. तुझे डॉक्टर सोडू नकोस.

पण अण्णांना त्यात ओढू नकोस. आई गेली तेव्हा मला कळून मी निघेपर्यंत, आणि निघून पोचेपर्यंत, सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून मी इतक्या लांब राहते ह्याची शिक्षा मी रोज भोगते. माझी ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. रविवारी संध्याकाळी मी अण्णांना फोन करते, एरवी रोजचा तो एक फोटो. भिंतीवरचं टोल्याचं घड्याळ, खालच्या फळीवर तारखेचे लाकडी ठोकळे आणि शेजारी चहाचा कप. स्वतःचा चेहरा पाठवायला ते तयार नव्हते, चेहऱ्यावर तारीख नसते म्हणाले. घड्याळवाल्याचं डोकं! पण बरोबर आठ वाजता तो फोटो आला की मी अंगठा दाखवते, शाब्बास म्हणते आणि कामाला लागते.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे एक आजोबा आणले. एकटे राहायचे. स्वयंपाकघरात पडले होते, दोन दिवस कोणाला पत्ता नाही. त्यांचा मुलगा मला पुन्हा पुन्हा विचारत होता, सिस्टर, त्यांना तहान लागली असेल का हो? त्याला काय सांगायचं, तू सांग.

मागे एकदा फोटो वीस मिनिटं उशिरा आला, तेव्हा मी खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना फोन करून जिने चढायला लावलं. अण्णा आंघोळ करत होते. ओल्या अंगाने दार उघडावं लागलं म्हणून दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. चालेल. रागावलेले अण्णा मला चालतात.

दूध पीत जा. पत्र लिहीत जा, तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच गिचमिड आहे हे पाहून बरं वाटलं.

आशीर्वाद आहेतच, धाक त्याच्यासोबत फुकट.

तुझी,
ताई

---

ता. २१ जानेवारी, बुधवार

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

ताईने तुझी कानउघाडणी केली, हे तुझ्या पत्रावरून कळलं. हेडनर्स आहे ती, घरीदारी सारखीच. तिला बोल लावू नकोस. आई गेल्याची वेळ तिच्या हातून निसटली, ते तिच्या मनातून जात नाही.

पण तू विचारलंस म्हणून लिहितो. फोटोला लागतं एक मिनिट. त्याचा त्रास नाही. त्रास त्याच्या पुढचा आहे. फोटो गेला की ताईचा अंगठा येतो. तो पाहीपर्यंत शिंपीकाकांनी धाडलेला फुलांचा गुच्छ. त्याच्याखाली कोणाचं तरी घर जळालेलं. मग एक माणूस ओरडतोय. मग एक डॉक्टर सांगतो चहा विष आहे, त्याच्या पाठोपाठ दुसरा सांगतो दिवसातून तीनदा प्या. मान वर करतो तो दहा वाजलेले. चहाचं गार पाणी झालेलं, छातीत धडधड, आणि आपण रागावलो होतो ते कोणावर, हेही आठवत नाही.

पन्नास वर्षं डोळ्याला भिंग लावून केसासारख्या स्प्रिंगा बसवल्या, हात कधी हलला नाही. आता दहा मिनिटं बसवत नाही. तुझ्या आईचं मनगटी घड्याळ दोन वर्षं टेबलावर उघडं पडलंय. आधी दुःखाने हात लागत नव्हता. आता हात लावायला घेतो, पण मन आदल्या तासाच्या भांडणात असतं. घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं येरझाऱ्यानं, तसं माझं झालंय. ओझं काहीच नाही, येरझारा मात्र दिवसभर.

तू दोन दिवस फोन कोंडून ठेवतेस. मी ठेवला तर ताई अग्निशमन दल पाठवेल. तुम्हा शिकलेल्या मुलींपैकी कोणाला काही युक्ती सुचत असेल तर कळव.

पोटाची आबाळ करू नकोस. आठवण आहेच, ती लिहायला नको.

अण्णा

---

ता. २४ जानेवारी, शनिवार

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

युक्ती आहे. फोनला आधी सांगून ठेवता येतं, की अमुक दिवशी अमुक वाजता हे पाठव. आमच्या कंपनीची निम्मी गोड बोलणी अशीच आठवडाभर आधी लिहिलेली असतात. म्हणजे तुम्ही रविवारी सात फोटो काढायचे, फक्त तारखेचे ठोकळे बदलायचे. फोन चार्जरला लावून कपाटात. तो रोज आठ वाजता आपला आपण पाठवेल. रविवारी संध्याकाळी ताईच्या फोनसाठी तेवढा बाहेर काढायचा, बोलायचं, पुढच्या सातांची सोय करायची, पुन्हा कपाटात.

मी एक तारखेच्या रविवारी येते आणि शिकवते. तुम्ही घड्याळातली चाकं बसवता, हे तर पोरखेळ आहे.

ताईला आत्ता नको सांगायला. ती आधी नाही म्हणेल, मग कारणं शोधेल. महिनाभर जाऊ दे, तुमची तब्येत सुधारलेली दिसली की मीच तिला सांगेन. जबाबदारी माझी.

नमस्कार करते, डोक्यावर टपली मारा.

तुमची,
खारू

---

ता. ११ फेब्रुवारी, बुधवार

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं यंत्र उत्तम चाललंय. रविवारी सकाळी आठ वाजले की लंबक बोटाने थांबवतो. टोल्याच्या घड्याळाचे काटे मागे फिरवायचे नसतात, हे तुम्हा दोघींना लहानपणी शंभरदा सांगितलंय, म्हणून काट्यांना हातच लावत नाही. खोटेपणा करायचाच तर त्यात यंत्राचे हाल नकोत. मग चहा ठेवतो, ठोकळे फिरवतो, फोटो काढतो. सातही झाले की लंबक सोडतो आणि काटे पुढे करून वेळ जुळवतो. दहा मिनिटांचा खेळ.

पहिल्या आठवड्यात मी कपाटासमोरून उगाच चकरा मारल्या. एकदा दार उघडून पाहिलंही, नुसतं पाहिलं. शिंपीकाकांनी विचारलं, काही हरवलंय का? दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या शिवणयंत्राचा आवाज वर येतो हे लक्षात आलं. इतकी वर्षं येतच असणार. काल जेवणाआधी तासभर बसलो आणि तुझ्या आईच्या घड्याळाची चाकं धुऊन, पुसून, ओळीने मांडली. हात हलला नाही. छातीतली धडधडही गेली. झोप लागते.

एक काटा मात्र टोचतो. ताई रोज शाब्बास म्हणते आणि मी ते रविवारी एकदम वाचतो. सात शाब्बास, एकाचाही मी धनी नाही. महिना झाला की सांग तिला.

सुखी राहा. शनिवारी भरपूर झोप.

अण्णा

---

ता. १९ फेब्रुवारी, गुरुवार

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

खारूने पत्रांची टूम काढली, मग मी का मागे राहू? जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

तुमचे फोटो हल्ली अगदी सेकंदावर येतात. काल माझ्या हाताखालच्या मुलींना दाखवले, त्यांनाही कौतुक वाटलं. फक्त एक निरीक्षण आहे, हसू नका. सोमवारी कप काठोकाठ भरलेला असतो आणि रविवारपर्यंत तळाला गेलेला. आठवडाभर तुमचा धीर सुटत जातो वाटतं! फोटो होईपर्यंत चहाला तोंड लावायचं नाही, हा नियम मी केलेला नाही, निवांत प्या.

रविवारी तुमचा आवाज फार छान लागला. आई होती तेव्हा लागायचा तसा. काय खाताय, काय करताय, तेच चालू ठेवा.

पदर पसरून मागते, असेच रोज आठ वाजता भेटत राहा.

तुमची,
ताई

---

ता. २० मार्च, शुक्रवार

चि. खारूस,
अ. आ.

मी नीट पोचले. कामावर रुजू झाले.

तिथे होते ते चार दिवस मी तुला एक गोष्ट विचारली नाही. विसरले नव्हते. तू स्टेशनवर माझ्या गळ्यात पडलीस, मला धीर झाला नाही. आता विचारते.

शनिवारी संध्याकाळी तू शिंपीकाकांच्या फोनवरून मला कळवलंस की अण्णा गेले. मी तुला वेड्यासारखं म्हटलं की तुझी काहीतरी गफलत होतेय, आजच आठ वाजता फोटो आलाय. तू नुसती रडलीस. मी समजले की फोटो पाठवल्यावर केव्हातरी झालं असेल.

रविवारी सकाळी मी गाडीची वाट पाहत बाकावर बसले होते. आठ वाजता माझा फोन वाजला. अण्णांचा फोटो. घड्याळात आठ, ठोकळ्यांवर आठ तारीख. मी एवढ्याने ओरडले की शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात धरला. खारू, एक क्षणभर मला वाटलं की अण्णा आहेत, तूच चुकलीस. तो एक क्षण मला कोणी दाखवायला नको होता.

डॉक्टरांच्या कागदावर बुधवारची पहाट आहे. मग बुधवारी मी शाब्बास कोणाला म्हटलं? गुरुवारी कोणाला? शुक्रवारी मी त्यांना लिहिलं की आज चहाचा रंग फिका दिसतोय, दूध कमी घाला. ते चार दिवस तसेच पलंगावर होते आणि मी त्यांना दुधाचं सांगत होते.

तुला काय माहीत आहे ते लिही. मला सांभाळून लिहू नकोस. मी सिस्टर आहे, मला ऐकता येतं.

तुझी,
ताई

---

ता. २४ मार्च, मंगळवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

युक्ती माझी. अण्णांचा त्यात काही दोष नाही.

त्यांना फोनचा त्रास होत होता, त्यांनी मला काहीतरी कर म्हटलं, आणि मी त्यांना रविवारीच आठवड्याचे सात फोटो काढून ठेवायला शिकवलं. फोन कपाटात बसून रोज आठ वाजता एकेक पाठवत होता. फेब्रुवारीपासून तू पाहिलास तो प्रत्येक फोटो रविवारचा होता. तुला महिन्याने सांगायचं मी कबूल केलं होतं. एक मार्चला महिना झाला. मी म्हटलं, पुढच्या पत्रात लिहू. तुझ्या रागाची भीती वाटली, दुसरं काही कारण नाही.

आता जे कोणालाच सांगितलेलं नाही ते लिहिते. तू फसलीस, शिंपीकाकाही फसले. काका म्हणाले, वर टोले पडत होते, म्हणून मला वाटलं सगळं ठीक आहे. घड्याळाला आठवड्याची किल्ली असते, ते वाजतच राहिलं. तुमच्या दोघांकडे न कळण्याला कारण होतं. मला मात्र माहीत होतं. त्या फोटोतून काहीच कळत नाही, हे साऱ्या जगात अण्णांनंतर मला एकटीला माहीत होतं. आणि तरीही गुरुवारी ऑफिसात तोच फोटो मलाही आलेला पाहून मला बरं वाटलं. शुक्रवारीही वाटलं. स्वतः रचलेल्या खोट्यावर मी स्वतः विसंबले. असं कोणी करतं का गं?

शुक्रवारी संध्याकाळी दारात पत्र नव्हतं. मनात पाल चुकचुकली. शिंपीकाकांना फोन करावा म्हणून फोन हातात घेतला, तर तो बंद करायची वेळ झालेली. म्हटलं, एका पत्रासाठी नेम कशाला मोडायचा, टपालाला उशीर होतो कधीकधी, उद्या येईल. आणि मी फोन ड्रॉवरमध्ये ठेवला. जेवले. झोपलेही. शनिवारी दुपारचं टपाल रिकामं आलं तेव्हा कुठे बस पकडली. काकांकडे किल्ली होती. अण्णा कुशीवर होते, हात उशीखाली. खिडकी थोडी उघडी होती, खोली गार होती. पांघरूण विस्कटलेलंही नव्हतं.

डॉक्टर मला म्हणाले की बुधवारी पहाटे दारात उभी असतीस तरी काही करता आलं नसतं. असेल. पण गुरुवार, शुक्रवार, शुक्रवारची संध्याकाळ, हे दिवस माझ्या नावावर आहेत.

ह्या पाकिटात त्यांचं शेवटचं पत्र आहे, टेबलावर भिंगाखाली होतं. अर्धवट आहे. तू इथे होतीस तेव्हा दाखवलं नाही, कारण ते दाखवलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं. सोबत आईचं घड्याळ. मी पोचले तेव्हा ते थांबलेलं होतं, पण नादुरुस्त नाही, त्याला फक्त रोज किल्ली लागते.

तू मला काय म्हणशील ते ऐकून घ्यायला मी तयार आहे. माया ठेव असं लिहायचं धाडस होत नाही.

खारू

---

(सोबतचं पत्र)

ता. ३ मार्च, मंगळवार

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

आज बुधवार नाही, पण आनंद पोटात राहीना म्हणून आजच लिहायला बसलो. उद्या पुरं करून पेटीत टाकीन.

तुझ्या आईचं घड्याळ चालू झालं. दुपारी दोन तास एका जागी बसलो, मध्ये पाणी प्यायलाही उठलो नाही. शेवटचं चाक बसवलं, किल्ली दिली आणि ते टिकटिकायला लागलं. मी कानाशी धरून बसलो. रडू आलं, पण बऱ्याच दिवसांनी आपल्या स्वतःच्या गोष्टीसाठी आलं. बरं वाटलं.

हे ताईला द्यायचं. तिच्या हातून वेळ निसटली असं तिला वाटतं ना, तिच्याच मनगटावर असू दे.

दुसरी गोष्ट म्हणजे आपली चोरी पकडली गेली. हेडनर्सने कपातला चहा मोजला! सात फोटो काढताना मी मध्ये मध्ये घोट घेतो, ते काही माझ्या ध्यानात आलं नाही. तिला अजून उमगलेलं नाही, पण उमगेल. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तू घाबरतेस, म्हणून येत्या रविवारी ती फोन करेल तेव्हा मीच सांगतो. रागावेल. मग मी तिला म्हणणार आहे की फोटो नको, तूच बोल रोज दोन मिनिटं, ड्यूटीवरून येता जाता, तुला जमेल तेव्हा. फोटोला विचारता येत नाही, ताई, तू जेवलीस का. मला ते रोज विचारायचं असतं

---

ता. २५ एप्रिल, शनिवार

चि. खारूस,
अ. आ.

महिना लावला उत्तराला. तुला शिक्षा करायची म्हणून नव्हे. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात तुझ्यावर ओरडले, दुसऱ्यात तुला कुरवाळलं, आणि तिसऱ्यात मी फक्त स्वतःबद्दलच लिहिलं. एकही धड नव्हतं.

अण्णांचं वाक्य जिथे तुटलंय तिथे मी रोज जाऊन थांबते. जेवलीस का, हे विचारायला त्यांना माझा आवाज हवा होता आणि मी त्यांच्याकडून घड्याळाचा फोटो मागत होते. दोन मिनिटं मला कधीही काढता आली असती. फोटो पाहायला एक क्षण लागायचा, आणि तो पाहिला की अण्णांची काळजी केली असं मला वाटायचं. तुझं खोटं महिन्याभराचं, खारू. माझं दोन वर्षांचं.

ते शेवटचे सात फोटो मी रोज उघडून पाहत होते. वॉर्डातही, गाडीतही, हातात घास असतानाही. एका पेशंटला औषध द्यायला दहा मिनिटं उशीर झाला. काही बिघडलं नाही, पण माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. त्या संध्याकाळी मी फोन बंद केला आणि कपड्यांच्या कपाटात ठेवला. आता शनिवार-रविवार तो तिथेच असतो. तुझ्या डॉक्टरांची फी न भरता उपचार चालू आहेत. हात रिकाम्या खिशात जातो, तू लिहिलं होतंस तसाच.

बंद करण्याआधी ते सातही एकदा ओळीने पाहिले. सोमवार काठोकाठ. मंगळवारी एक घोट कमी. बुधवारी, ते गेले त्या दिवशी, अर्ध्याच्या वर. तसं करत रविवारी कप रिकामा, तळाशी एक गोल डाग. मी सात दिवस समजत होते तो एक चहा होता. कोणी घाई करणारं नाही, हातात फोन असून त्यात काही वाचायचं नाही, लंबक थांबलेला, आणि अण्णा घोट घोट चहा पीत तारखेचे ठोकळे फिरवतायत. एवढा निवांत चहा आई गेल्यापासून त्यांनी घेतला नसेल. तो तू त्यांना दिलास. हेही खरं आहे, म्हणून लिहिते.

आणि त्यांना तहान लागली नसेल. तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात येत असणार, मला माहीत आहे. ते झोपेत गेले. कुशीवरचा माणूस, हात उशीखाली, पांघरूण जागेवर, हे तू लिहिलंस त्यावरून सांगते. त्यांना काही कळलं नाही. चार दिवस आपल्याला जड आहेत, त्यांना नव्हते. बहीण म्हणून समजूत घालत नाहीये, सिस्टर म्हणून सांगतेय.

तुला माफ केलं असं मात्र लिहीत नाही. आपल्यात आता खोटं नको. काही दिवशी करते, काही दिवशी पहाटे उठले की पुन्हा राग येतो. तो जाईल तेव्हा कळवीन. तोवर मी तुझ्याशी रागावून का होईना, पण बोलत राहणार आहे.

आईचं घड्याळ मनगटावर आहे. रोज सकाळी आठ वाजता किल्ली देते.

तू तुझा फोन शुक्रवारी बंद करत जा, माझ्यासाठी नेम मोडू नकोस. फक्त अण्णांसारखं बुधवारी पत्र टाकत जा. जेवलीस का, झोपलीस का, लिफ्टमध्ये कोणाची माफी मागितलीस, काहीही लिही, चार ओळी पुरेत. शुक्रवारी नाही तर शनिवारी, असं करू नकोस. शुक्रवारी दारात पत्र दिसलं नाही, तर मी शनिवारची वाट पाहणार नाही. निघेन.

तुझी,
ताई